एकबोल

खोलदांड्यात सकाळी पुरुषमाणूस संडासातून बाहेर आला की घरातली बाई चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, "काय म्हणाली चकती?" तो म्हणायचा, "हिरवी." मग चहा मिळायचा. गेली चार वर्षं घरोघरी हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं की त्यातली काळजी कधीच उडून गेली होती आणि नुसती चेष्टा उरली होती. नवऱ्यावर वैतागलेली एखादी बाई म्हणायची, "तुझ्या डोक्यात बसवायला हवी होती ती. तितं नसता लागला हिरवा दिवा."

चकती रुपयाच्या नाण्याहून जराशीच मोठी होती आणि भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवलेली असायची. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. या ग्रंथीच्या पेशी लघवीत अतिसूक्ष्म कण सोडत असतात आणि पेशी बिघडू लागल्या की कणांची जात बदलते. चकती रोज सकाळी हे पेशीकण मोजायची, मागच्या मोजणीशी ताडून बघायची आणि दिवा लावायची. हिरवा म्हणजे ठीक. तांबडा म्हणजे त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं. कॅन्सर इतका आधी सापडू लागला की या रोगानं माणूस जाणं ही जुन्या काळातली गोष्ट वाटायला लागली होती. रक्त काढून करायची पूर्वीची तपासणी मागे पडली होती, कारण ती उगाच घाबरवायची जास्त. आता डॉक्टरही आधी चकतीचा रंगच विचारत.

याकूत सिद्दीची चकतीही रोज हिरवीच असायची. तो साठी ओलांडलेला, उंच, काळाभोर माणूस होता. डोक्यावरचे दाट कुरळे केस तेवढे पांढरे झाले होते. राजपुरीच्या खाडीतून पाण्यातला किल्ला बघायला जाणाऱ्या प्रवाशांना तो आणि त्याचा धाकटा भाऊ सुरूर शिडाच्या होडीतून नेत. होडी धक्क्यावरून सुटली की कुणीतरी विचारणारच, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

याकूत सुकाणू न सोडता हनुवटीनं मागे दाखवायचा. "तो पांढरा मिनार दिसतो? त्याच्या मागचं घर."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"त्याच्या मागचं घर. बापाचं."

लोक हसायचे. याकूत हसायचा नाही. ज्याला हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नाही, त्याला त्यात काय बोचतं ते कळायचं नाही. आपल्याच गावात, आपल्याच होडीत बसून रोज पाहुणा व्हायचं, हे काही साधं नसतं.

त्या हिवाळ्यात याकूतची पाठ धरू लागली. तो म्हणाला, शिडाचा दोर ओढून धरली असेल. त्याची मुलगी तस्नीम आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ होती. खोलदांड्यातल्या सगळ्या चकत्या तिनंच बसवल्या होत्या आणि दर महिन्याला तीच त्या पुसून, तपासून जायची. ती म्हणाली, "अब्बा, एकदा दाखवून येऊ."

"चकती हिरवी हाय ना? मंग?"

तिलाही ते पटलं. खरं सांगायचं तर चकतीवर बापापेक्षा तिचाच विश्वास जास्त होता.

मग एके दिवशी भर खाडीत, प्रवासी बसलेले असताना, शिडाचा दोर याकूतच्या हातून सुटला आणि तो होडीच्या तळाशी बसला तो उठेचना. सुरूरनं सुकाणू धरलं आणि होडी धक्क्याला आणली. त्यानं भावाला पाठीवर घेऊन घरी नेलं आणि वाटेत कुणालाही हात लावू दिला नाही.

रुग्णालयात डॉ. वैजयंती कीर्तने यांनी पहिल्यांदा चकतीचा रंग विचारला. हिरवा म्हटल्यावर त्यांनी मणक्याचं दुखणं धरून चालून शेक आणि गोळ्या दिल्या. दुखणं हटेना, तेव्हा कुठं सगळ्या हाडांचं चित्र काढलं. ते पडद्यावर आलं. कण्यात, खुब्यात, बरगड्यांत, जिकडे तिकडे पांढरे ठिपके होते. प्रोस्टेटमधून निघालेला कॅन्सर हाडांत जाऊन बसला होता.

"असं होऊच शकत नाही," तस्नीम म्हणाली. "चकती रोज हिरवी होती. मी स्वतः तपासत होते."

डॉक्टरांनी याकूतकडे नीट पाहिलं. मग अडखळत, कायद्याचं भान ठेवून विचारलं, "चकती बसवताना यंत्रानं पूर्वजांचं विचारलं असेल. तेव्हा काय सांगितलं होतंत?"

 तो दिवस तस्नीमला लख्ख आठवत होता.

पेशीकणांचा एकच आकडा सगळ्या माणसांत सारखा अर्थ सांगत नाही. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काही जनुकं वारशानं अशी येतात की हा रोग लवकर सुरू होतो आणि झपाट्यानं वाढतो. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत काणाडोळा करावा असा आकडा त्यांच्या बाबतीत धोक्याचा असतो. म्हणून चकतीला माणसाची पिढीजात कहाणी ठाऊक असावी लागते. ती स्वतः शरीरातून हे वाचू शकली असती, पण वंशगुप्तता कायद्यानं त्याला मनाई होती. मधल्या काळात काही देशांत रक्त तपासून माणसं वेगळी काढण्याचे प्रकार झाले होते, त्यानंतर हा कायदा आला. कुठल्याही यंत्रानं माणसाचा वंश त्याच्या शरीरातून वाचायचा नाही. हवा असेल तर विचारायचा. माणूस स्वतःच्या आवाजात जे सांगेल ते खरं धरायचं आणि त्यावर वाद घालायचा नाही. कायदा चांगला होता. याकूतसारख्यांच्या भल्यासाठीच तो केला होता.

पण खोलदांड्यातल्या सिद्द्यांची एक रीत होती, तिला ते एकबोल म्हणत. फार पूर्वी जातीच्या दाखल्यांसाठी चौकशी झाली, तेव्हा अधिकाऱ्यांनी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं होतं. कुणी म्हणालं पणजोबा गलबतावर होते, कुणी म्हणालं नवाबाच्या फौजेत होते, कुणी म्हणालं ठाऊक नाही. जबाब जुळले नाहीत आणि सगळ्यांचेच दाखले अडकले. तेव्हापासून ठरलं की बाहेरच्यानं काही विचारलं तर सगळ्यांत वडील माणसानं उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी तेच शब्द त्याच क्रमानं बोलायचे. या रीतीनं गावाला अनेकदा वाचवलं होतं.

चकत्या आल्या त्या दिवशी जमातीच्या अंगणात सगळे पुरुष बसले होते. तस्नीमनं मधोमध सगळ्या चकत्यांना जोडलेली पेटी ठेवली. पेटीतून पुस्तकी मराठीत एक गोड आवाज आला, "आपले पूर्वज आफ्रिका खंडातून आले होते का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

 हा प्रश्न आता यंत्रही विचारायला लागलं होतं. जमलेल्यांत वडील याकूत होता; तो उठला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "नाय. आमी हितलेच." त्याच्यामागून सुरूर म्हणाला, "नाय. आमी हितलेच." मग एकेक करून सगळे म्हणाले. शेवटच्यानं म्हटल्यावर कुणीतरी ढोलावर थाप मारली. तस्नीमनं टाळ्या वाजवल्या होत्या. बापाचा अभिमान वाटून तिचे डोळे भरून आले होते.

"नाही म्हणून सांगितलं होतं," तस्नीमनं डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी पेटी मागवली. याकूतनं पलंगावर पडल्या पडल्या या वेळी "हो" म्हटलं. चकतीनं साठवलेली चार वर्षांची मोजणी पेटीनं नव्यानं ताडून बघितली. पहिला तांबडा दिवा चकती बसवली त्याच वर्षी लागायला हवा होता. त्यानंतर एकही सकाळ हिरवी नव्हती.

"तेव्हा कळलं असतं तर?" तस्नीमनं विचारलं.

"तर ते बरे झाले असते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

तस्नीम भिंतीकडे तोंड करून रडली. याकूत छताकडे बघत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सगळ्यांनी तेच सांगितलंय." मग उठून बसायची धडपड करत म्हणाला, "सुरूरनं पण. मला घरी ने."

शुक्रवारच्या नमाजानंतर अंगणात सगळ्यांना बोलावलं. याकूतची बाज चौघांनी उचलून आणली. दोन महिन्यांत तो इतका खंगला होता की बाज उचलणाऱ्यांना वजन लागलं नाही. तस्नीमनं पेटी त्याच्या उशाशी ठेवली.

याकूत म्हणाला, "मी तुमच्याकडनं चुकीचं बोलून घेतलं. आपले बापजादे समुद्रापलीकडनं आले, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक हाय. आले आणि हितले झाले. आलेला माणूस हितला होत नाय, असं लोक म्हणत होते, आणि मी येडा, त्यांचंच खरं धरून बसलो. आता मी बोलतो. माझ्यामागनं बोला."

पेटीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. याकूत म्हणाला, "हो."

अंगणात चुळबुळ झाली. पण रीत ती रीत. एकेक जण पुढे येऊन "हो" म्हणू लागला, काही जण इतक्या हळू की पेटी पुन्हा विचारायची. धक्क्यावर चहा विकणाऱ्या संबूलनं "हो" म्हटल्यावर पेटीचा दिवा तांबडा झाला.  त्याचा रोग अजून ग्रंथीतच असणार, आताच उपचार केले तर तो बरा होईल, हे तस्नीम त्याला सांगत राहिली, पण ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आणखी एकाचा दिवा तांबडा झाला. बाकीचे हिरवे राहिले. शेवटी सुरूर उरला. वडील माणसामागोमाग बोलायचा मान त्याचा, पण आज तो मुद्दाम मागं राहिला होता.

"सुरूर, बोल," याकूत म्हणाला.

"मी नाय बोलणार, भाई."

"एकबोल हाय."

"तवाचा बोल पण तुझाच होता. मी तोच धरून हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं सुरूर असं का म्हणतोय. तरुणपणी तो शहरात एका हॉटेलात कामाला होता. परदेशी घुसखोरांची धरपकड सुरू झाली, तेव्हा पोलिसांनी त्यालाही उचललं. त्यानं पोटतिडकीनं मराठीत सांगितलं, मी रायगडचा. ठाण्यातला माणूस म्हणाला, "मराठी बरी शिकलास." कित्येक दिवस तो कोठडीत होता. याकूत होडीतल्या कपड्यांनिशी तिथं पोचला आणि कुराणावर हात ठेवून बोलला, आमचं रक्त हितलंच, बाहेरचा एक थेंब नाय. त्या शपथेवर सुरूर सुटला. त्यानंतर त्यानं पुन्हा कधी शहराचं तोंड पाहिलं नाही आणि लग्नही केलं नाही.

"ते चुकलं माझं," याकूत म्हणाला.

"मंग ठाण्यात शपथ घेतलीस ती पण चुकली?"

"ती तुला सोडवायला घेतली. हे पण तुला सोडवायलाच सांगतोय."

"तू कुराणावर हात ठेवून बोललास ते मी ह्या डबड्यापुढं खोटं पाडू?" सुरूरचा आवाज फाटला. "तू मरायला टेकलायस, आणि मी तुला खोटा पाडू? उद्या कुणी ह्या पेटीतलं काढून वाचलं, मला परत उचललं, तर कोण येणार सोडवायला? तू येशील?"

याकूतसमोर तोवर मरणाचं नाव कुणी काढलं नव्हतं. तो भावाकडे बघत राहिला. सुरूर चपला न घालताच अंगणातून निघून गेला.

एकबोल पहिल्यांदाच मोडला होता.

त्यानंतर सुरूर रोज आला. भावाचे पाय चेपायचा, पेज भरवायचा, अंग पुसून द्यायचा. सगळं बोलायचा, वाऱ्याचं, मासळीचं, होडीला लागलेल्या गळतीचं. याकूत मध्येच म्हणायचा, "सुरूर, हो म्हण ना रे." मग सुरूर चेपणं थांबवायचा नाही, पण बोलणं थांबवायचा. चकतीनं त्याचे आकडे साठवलेले होते. पण त्याच्या तोंडून नवं उत्तर आल्याशिवाय ते कुणाला बघता येत नव्हते, तस्नीमलाही नाही. रुग्णालयात चल म्हटलं तर तो म्हणायचा, "हिरवी हाय ना?" 

तस्नीमला एकदा वाटलं, चाचाचा "हो" आपल्याकडे आहेच की. दिवसातून दहा वेळा म्हणतो तो. पेज देऊ? हो. दार लावू? हो. फोनवर त्यातला एक धरायचा आणि पेटीला ऐकवायचा. पेटीला आवाज ओळखता येतो, त्यामागचं मन नाही. तिनं अब्बाला हे सांगितलं.

याकूत बराच वेळ डोळे मिटून होता. मोहात तोही पडला असणार, कारण त्यानं लगेच नाही म्हटलं नाही. मग म्हणाला, "नको. त्याच्या तोंडात लोकांनी लई घातलं. मी पण घातलं. हे तरी त्याचं असू दे."

"आणि तो नाहीच म्हणाला तर?"

याकूतच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून कानात गेलं. तिनं ते पदरानं टिपलं. ज्या बापाला तिनं कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो भावासाठी रडत होता आणि तिच्या हातात काहीही नव्हतं.

याकूत गेला तेव्हा दुपार होती आणि सुरूर त्याच्या पायाशी होता. शेवटच्या घटकेला याकूतनं काही विचारलं नाही. विचारायचं त्राण नव्हतं, की विचारून भावाला छळायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, कोण जाणे. मयतीला सुरूरनं खांदा दिला, कबरीत उतरून भावाला स्वतःच्या हातानं ठेवलं आणि वर यायला तो तयार होईना. दोघांनी धरून त्याला बाहेर काढलं.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर, दुसऱ्या सकाळी, सुरूर तस्नीमच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढली होती. तिनं चहा पुढे केला, त्यानं घेतला नाही.

"पेटी आण," तो म्हणाला.

तिनं पेटी आणून ओट्यावर ठेवली.  पेटीनं त्याच गोड आवाजात विचारलं, आपले पूर्वज आफ्रिका खंडातून आले होते का. सुरूरनं डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पेटीनं पुन्हा विचारलं.

"हो," सुरूर म्हणाला.

पेटीचा पांढरा दिवा लुकलुकत राहिला. चार वर्षांच्या सकाळी ती एकेक करून ताडत होती.  दिवा तांबडा झाला तसा तस्नीमनं घाईघाईनं तपशील उघडला. मागचे सगळे महिने हिरवे होते. तांबड्याची सुरुवात गेल्या काही आठवड्यांतली होती.

"चाचा," ती म्हणाली, आणि तिला एकाच वेळी रडू आणि हसू आलं, "आत्ताच सुरू झालंय. लवकर कळलं. आपण उद्याच जाऊ रुग्णालयात, तुम्ही बरे व्हाल. कळतंय का तुम्हाला? तुम्ही बरे व्हाल."

सुरूरनं दिव्याकडे पाहिलंच नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. तोच जाड आवाज, तेच कपाळ, तिला क्षणभर अब्बाच समोर असल्यासारखे वाटले.

"तो असताना म्हणायला पायजे होतं," तो म्हणाला. "पण तो हाय तोवर माझ्या तोंडून त्याची शपथ मोडायला नको, असं वाटत होतं. गेल्यावर वाटलं, आता मोडली तरी त्याला दिसायची नाय, काय ते एकट्यानंच सोसायचं, मंग बोलून टाकू."

तस्नीमनं त्याचा हात धरला. तो दगडासारखा थंड होता.

"तू शिकलेली हायस," सुरूर म्हणाला. "मला सांग, मी आत्ता खरं बोललो, तर कुराणावर हात ठेवून भाई जे बोलला, ते वर खोटं म्हणूनच धरतील का गं?"